व्होल्ट आणि अँपिअर मोजलेस, आता हिशोब

बाळ, रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये) काढायला व्होल्टला अँपिअरने भागायचं आणि वॅट काढायला दोन्हींचा गुणाकार करायचा, हे तुला येतंच. पण दोन्ही आकडे उपकरण चालू असताना, एकाच वेळी मोजलेले हवेत. उपकरणाच्या पाटीवर लिहिलेले २३० व्होल्ट गृहीत धरू नकोस.

आपल्या ग्वाल्हेरच्या थंडीतला गीझर घे. २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे रोध साधारण २६.४ ओहम आणि शक्ती २००० वॅट. आता इथल्या लष्कर भागातल्या एखाद्या गल्लीत सकाळी विजेचा दाब २०० व्होल्टवर आला, तर प्रवाह ७.६ अँपिअर होईल आणि शक्ती फक्त १५०० वॅटच्या आसपास. दाब तेरा टक्के घटला, तापवण्याची ताकद चौथाईने गेली! पाणी कोमट येतं म्हणून लोक एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) बदलायला निघतात. तू आधी व्होल्ट बघ.

तारेचा बल्ब वेगळा. १०० वॅटच्या बल्बचा रोध हिशोबाने ५२९ ओहम येतो, पण थंड बल्ब मीटरवर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाखवतो. तार तापली की रोध वाढतो.

पंखा, पंप यांच्यासाठी हा साधा गुणाकार वॅट देत नाही. तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट आहे ते सांगणारा आकडा, लागतो.

क्लॅम्प मीटर (चिमट्यासारखा तारेभोवती लावून प्रवाह मोजणारा) एकट्या फेजच्या तारेभोवती लाव, दोन्ही तारा आत घेतल्यास शून्य दिसेल. आणि मल्टिमीटर अँपिअरवर असताना सॉकेटमध्ये प्रोब कधीही घालू नकोस, तो थेट शॉर्ट होतो.