‘दिवाळीपर्यंत करा’ हा मेसेज आणि अर्धवट इंटिरियर

तुमच्या पत्रात साडेतीन पानं प्लायवूडवर आहेत आणि तारखांवर दोन ओळी. उलट हवं होतं. ठेकेदार गेला, पैसे अडकले, किचन फुगलं, अशी पत्रं इंदूरमधून येतच असतात आणि जवळजवळ प्रत्येकात तारखाच गाळलेल्या असतात.

तुमची हकिगत थोडक्यात अशी. राजेंद्रनगरला नवं घर. मॉड्युलर किचन, तीन वॉर्डरोब आणि हॉलचं फॉल्स सीलिंग यांची १४ लाख ६० हजारांची वर्क ऑर्डर. २० जानेवारी २०२४ ला ॲडव्हान्स, तिथून १२० दिवसांत काम पूर्ण, उशीर झाल्यास रोज १००० रुपये. म्हणजे मुदत १९ मे २०२४ ला संपली. २ जूनला तुम्ही ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर लिहिलंत, ‘घाई नाही, दिवाळीपर्यंत नीट करून द्या.’ त्याचं उत्तर, ‘हो काका, नक्की.’ सप्टेंबरात आणखी दीड लाख दिलेत. दिवाळीला सुतार राजस्थानात गावी गेले ते परतलेच नाहीत. आता तुम्ही विचारता की रोजच्या हजाराने होणारे साडेसात लाख मिळतील का, आणि ४२० लावता येईल का.

४२० चं आधी सांगतो. ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८(४) झालं आहे. आकडा बदलला, अडचण तीच राहिली: पहिल्या दिवसापासून फसवण्याचाच हेतू होता, हे दाखवावं लागतं. ज्याने निम्म्याहून जास्त काम उभं केलं त्याच्याबाबतीत ते जड जातं. पोलीस ठाण्याच्या खेपांमध्ये वेळ घालवू नका. वेळ तुमच्याकडे फारसा नाहीच.

सगळं प्रकरण त्या २ जूनच्या मेसेजवर फिरतं, आणि तो तुमच्या बाजूनेही आहे, विरुद्धही.

बाजूने असा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांत दाखल करावी लागते. ठेकेदाराचा वकील १९ मे २०२४ पासून मोजेल आणि म्हणेल, तक्रारीची मुदत १९ मे २०२६ लाच संपली, आता जून उजाडला. त्याला उत्तर तुमचा मेसेज आणि त्याचं ‘नक्की’. करार कायद्याचं कलम ६३ काम करवून घेणाऱ्याला मुदत वाढवून देऊ देतं. तुम्ही ती दिवाळीपर्यंत वाढवलीत, त्याने मान्य केली, वर तुम्ही सप्टेंबरात हप्ताही दिला. म्हणजे करार मोडला तो दिवाळीला. २०२४ ची दिवाळी ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावरच तेव्हा पंचांगकर्त्यांत वाद होता, म्हणून तुम्ही ३१ ऑक्टोबर धरा. दोन वर्षं ३१ ऑक्टोबर २०२६ ला भरतात. नुसतं ‘घाई नाही’ लिहून थांबला असतात, तर हा आधारही इतका भक्कम राहिला नसता.

विरुद्ध असा. करार कायद्याच्या कलम ५५ चा शेवटचा परिच्छेद म्हणतो की मुदतीनंतर काम स्वीकारायचं असेल आणि उशिराची भरपाईही हवी असेल, तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. तुम्ही दिली नाहीत. वेळ हा या कराराचा गाभा होता की नव्हता यावर वाद होऊ शकतो, पण माझा सल्ला असा की २० मे ते ३१ ऑक्टोबर २०२४ या १६५ दिवसांचे एक लाख पासष्ट हजार मागणीतून वगळा. ते मागाल तर तोच मेसेज तुमच्यावर उलटेल. त्या दिवशी आणखी एक वाक्य टाकायला काय हरकत होती? ‘दिवाळीपर्यंत काम स्वीकारीन, मात्र १९ मेपासूनच्या विलंबाच्या भरपाईचा हक्क राखून ठेवत आहे.’ ज्यांचं काम आत्ता रेंगाळतं आहे त्यांनी हे वाक्य जसंच्या तसं पाठवावं.

दिवाळीनंतरचे रोजचे हजारही पूर्ण मिळतील असं धरू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते, आयोग त्याच्या आत वाजवी रक्कम ठरवतो. दुसरा ठेकेदार लावून काम संपवता येत होतं, दीड वर्ष का थांबलात, हे विचारलं जाणारच.

मधल्या काळात पाठवलेल्या चाळीसेक ‘रिमाइंडर’ने तक्रारीची मुदत एक दिवसानेही वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. आणि आता कृपा करून त्याला आणखी कुठलीही नवी तारीख लिहून देऊ नका.

आता प्लायवूड. वर्क ऑर्डरमध्ये किचनला आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय आहे आणि सिंकखालचं कपाट तळापासून फुगलं आहे. त्या दर्जाच्या प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, त्यामुळे थोड्या गळतीने थर सुटत असतील तर शंका रास्त आहे. पण समोरचा म्हणेल, ‘नव्या घराच्या भिंती ओल्या होत्या, दोष प्लंबरचा.’ म्हणून काही उकलू नका, फेकू नका, दुरुस्त करू नका. पाऊस लागायच्या आत, म्हणजे याच आठवड्यात, चार्टर्ड इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. सिंकमागच्या भिंतीची आणि कोरड्या बेडरूमच्या भिंतीची ओल मीटरवर मोजून दोन्ही आकडे अहवालात हवेत. एकदा पाऊस सुरू झाला की त्या आकड्यांना अर्थ राहणार नाही. बोर्डाच्या आतल्या बाजूला आयएसआयचा शिक्का आणि क्रमांक दिसतो का त्याचे जवळून फोटो काढा. तिथे ७१० ऐवजी आयएस ३०३ निघाला तर ते साधं प्लाय, आणि अर्धं काम तिथेच झालं. पाहणीची तारीख-वेळ ठेकेदाराला आधी लेखी कळवा. तो येणार नाही, तरी कळवा. लॅबची तपासणी आयोगामार्फतच होऊ द्या. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, तिची फी आधी तुम्हाला भरावी लागते. घरून कापून नेलेल्या तुकड्यावर समोरचा पहिला आक्षेप घेईल.

पाहणीनंतर उरलेलं काम दुसऱ्याकडून पक्क्या बिलावर करून घ्यायला हरकत नाही, तो फरक मागता येतो. फुगलेलं कपाट मात्र नमुना निघेपर्यंत तसंच ठेवा.

पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आयोगाला आवडते. तक्रार ऑगस्टच्या आत ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर दाखल करा, ऑक्टोबरची वाट पाहू नका. तुम्ही इंदूरला राहता, म्हणून इंदूरच्या जिल्हा आयोगातच जाता येतं. दिलेली रक्कम दहा ते वीस लाखांत आहे, फी ४०० रुपये. वर्क ऑर्डरमधल्या लवादाच्या कलमाला घाबरू नका, ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा रस्ता त्याने बंद होत नाही. तक्रारीसोबत कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्जही जोडा. मुदतीचा मुद्दा फिरलाच तर हाताशी काहीतरी हवं, मात्र ‘तो आश्वासनं देत होता’ एवढ्यावर माफी मिळेलच असं नाही.

मेसेजचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, तो फोन विकू नका, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना शब्दशः बांधलेला नसतो, पण इथे सगळी केसच एका मेसेजवर आहे.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळीसच्या पुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. कायदा पुष्कळ काही म्हणतो. तुम्ही दोन-तीन वर्षं धरून चाला.

घर वडिलांच्या नावावर आणि वर्क ऑर्डर तुमच्या, म्हणून दोघंही तक्रारदार व्हा. राहिले जीएसटी वाचवायला रोख दिलेले अडीच लाख. पावती नाही, तेव्हा बँकेतून त्याच सुमारास काढलेल्या रकमेची नोंद आणि ‘पोचले’ असा एखादा मेसेज शोधा. सापडला तर मागा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावरचा आयकराचा दंड घेणाऱ्याला बसतो, त्यामुळे तो ही रक्कम नाकारेल हे गृहीत धरा. काहीच सापडलं नाही तर बँकेतून गेलेल्या अकरा लाखांवरच तक्रार उभी करा.