जुना लॅपटॉप घेताना आधी मालकी तपासा

प्रश्न : मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. तिच्यासाठी तीन वर्षे वापरलेला एक लॅपटॉप २२,००० रुपयांना मिळतो आहे. बिल हरवल्याचे विक्रेता सांगतो आणि ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणून २,००० रुपये आगाऊ मागतो. व्यवहार करावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आगाऊ रक्कम मुळीच पाठवू नये. यंत्र हाताळून पाहण्यापूर्वी दिलेले पैसे परत मिळवणे फार कठीण असते.

बिल खरोखरच हरवू शकते. पण खरेदी ऑनलाइन झालेली असेल, तर त्याची प्रत विक्रेत्याच्या ईमेलमध्ये सापडायला हवी. तीही दाखवता येत नसेल, तर मी हा व्यवहार सोडून देईन. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

बिल मिळाले तरी त्यावरील अनुक्रमांक लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्यापूर्वी उघडता येणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) दिसणाऱ्या क्रमांकाशी ताडून पाहावा. नोकरी सोडताना कंपनीला परत न केलेले लॅपटॉपही विक्रीला येतात. ते वरवर ठाकठीक चालतात. मात्र विंडोज रीसेट करून वाय-फाय जोडले, की पडद्यावर कंपनीचे नाव झळकते आणि तिथल्या ईमेलचा पासवर्ड मागितला जातो. म्हणून विक्रेत्याच्या देखत रीसेट करून, इंटरनेट जोडून, डेस्कटॉप दिसेपर्यंत थांबावे. यात तासभर सहज जातो (चहा आपल्याकडून पाजावा). मॅकबुक असल्यास विक्रेत्याने आधी आयक्लाउडमधून साइन आउट करणे आवश्यक आहे.

‘तीन वर्षे’ हा शब्दही पारखून घ्यावा. प्रोसेसरचे नाव ‘आय५-७२००यू’ असे दिसले, तर तो २०१६ साली आलेला सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ साठी तो अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजमधील खिडकीत) ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा द्यावी. अहवालात मूळ क्षमता ५०,००० आणि पूर्ण चार्जची क्षमता २८,००० दिसली, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

हे सारे पटल्यावरच यूपीआयने पैसे द्यावेत, पण खात्यावरील नाव विक्रेत्याच्या ओळखपत्राशी जुळते का, हे आधी पाहावे आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती त्याच्या सहीनिशी घ्यावी.