भाड्याच्या घरात कार्पेट न काढता त्यावर लॅमिनेट बसवता येते का?

आपल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे, ते काढण्याची परवानगी नाही, आणि त्यावरच लॅमिनेटच्या पट्ट्या टाकून घर सोडताना त्या उचलून नेता येतील का, असे आपण विचारले आहे. फ्लोअरिंग बसवण्याचे काम मी करतो. बसवता येते, मात्र पट्ट्या थेट कार्पेटवर टाकू नयेत.

सर्वप्रथम कार्पेटखाली काय आहे ते पाहावे. कपाटाच्या आतला एखादा कोपरा हलकेच उचलला, की फोमचा थर आहे की कार्पेट खालच्या जमिनीला चिकटवलेले आहे, हे लगेच कळते. कार्यालयांत असते तसे आखूड लोकरीचे, चिकटवलेले आणि टाच दाबली तरी न दबणारे कार्पेट असेल, तर काम बरेच सोपे होते. घरांमध्ये मात्र बहुधा खाली फोम असतो आणि अडचण तिथेच सुरू होते. लॅमिनेटची एक पट्टी दुसरीत अडकवणारी कड जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. खालचा थर मऊ असला की प्रत्येक पावलागणिक सांधा खाली-वर होतो, ती कड हळूहळू तुटते आणि फटी पडू लागतात. पलंगाचे किंवा पुस्तकांच्या कपाटाचे पाय जिथे टेकतात, तिथे हे सर्वांत आधी दिसते. अशा बसवणीला उत्पादकाची हमी सहसा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. स्वतः चिकटणाऱ्या व्हिनाइलच्या टाइल्सचा तर विचारच नको. त्या कार्पेटला धड चिकटत नाहीत आणि त्यांचा डिंक मात्र तंतूंत राहतो.

यावर उपाय म्हणजे आधी प्लायवूडचा तराफा करणे. 9 मिमी जाडीच्या प्लायचे दोन थर एकमेकांवर असे ठेवावेत की खालच्या थराचे सांधे वरच्या थराच्या सांध्यांखाली येणार नाहीत, आणि दोन्ही थर फक्त एकमेकांना स्क्रूने जोडावेत. दोन्ही मिळून जाडी 18 मिमी होते, म्हणून स्क्रू 16 मिमीचे घ्यावेत. त्याहून लांब स्क्रू खाली कार्पेटमध्ये घुसेल आणि घर सोडताना भोके दिसतील. जमिनीत काहीही ठोकायचे नाही, हा तराफा स्वतःच्या वजनानेच जागेवर राहतो. त्यावर लॅमिनेट नेहमीप्रमाणे, भिंतीलगत सुमारे 10 मिमी जागा सोडून बसवावे, कारण हवेतील दमटपणानुसार ते फुगते आणि आकसते.

दाराचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो आधी करावा. प्लाय आणि लॅमिनेट मिळून जमीन सुमारे 26 मिमी उंचावते आणि आत उघडणारे दार अडते. घरमालकाचे दार तासण्यापेक्षा दार फिरते तेवढा भाग मोकळा सोडून कडेला उतरती पट्टी लावावी, म्हणजे ठेचही लागणार नाही. माझे मत विचाराल, तर संपूर्ण खोलीऐवजी टेबल-खुर्चीखालचा किंवा मुलांच्या खेळण्याचा भागच असा करून घ्यावा. तेवढ्यासाठी कार्पेटवर ठेवण्याकरिता मिळणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्सही पुरतात.

काम करण्यापूर्वी कार्पेट स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावे. ओल आत कोंडली तर बुरशी येते आणि कुबट वास तंतूंत मुरतो. तळमजल्यावर जमीन दमट असेल, तर मी हे काम करायला नकोच म्हणेन.

घरमालकाची परवानगी लेखी घ्यावी आणि कार्पेटची आताची छायाचित्रे त्यासोबत जोडावीत. दबलेली लोकर ओलसर कापड आणि वाफेने पुष्कळशी उभी राहते, पण उन्हाच्या खोलीत उघडा भाग फिका पडतो आणि झाकलेला पूर्वीसारखाच राहतो. तो फरक कशानेही जात नाही, म्हणून परवानगी मागतानाच याचा उल्लेख करावा, नाहीतर अनामत रक्कम परत घेताना त्यावरूनच वाद होतो.