गेममधला हेर आणि घरातली काळजी

"माझा मुलगा खोटारडा होत चाललाय का?" पालक हा प्रश्न बहुतेक वेळा लपवलेल्या मार्कांवरून नाहीतर पैशांवरून विचारतात. माझ्याकडे आलेल्या या बाईंचं कारण वेगळं होतं. कॉलेजात जाणारा मुलगा रात्री हेडफोन लावून भलत्याच नावाने लोकांशी गप्पा मारायचा आणि कॉल संपला की ऐकलेलं सगळं दुसऱ्याच कुणाला तरी टाइप करून कळवायचा. झोपेचं तर खोबरंच झालं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलाशी एकट्याने बोलल्यावर उलगडा झाला. तो 'ईव्ह ऑनलाइन' खेळतो. आइसलँडमधल्या कंपनीने 2003 मध्ये आणलेला हा अंतराळातला गेम. खेळाडूंच्या मोठमोठ्या युत्या असतात, त्यांची युद्धं चालतात. दुसरं पात्र घेऊन शत्रूच्या गोटात शिरणं, बातम्या काढणं, दगा देणं, सगळं तिथे नियमात बसतं. 2009 मध्ये एक बलाढ्य युती आतल्याच एका फितूर पदाधिकाऱ्याने बरखास्त करून टाकली, हे त्याने मला अगदी रंगवून सांगितलं.

आईला मी म्हटलं, पत्त्यांत हूल देणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. तुम्ही विचारलं तर तो खरं सांगतो का, एवढं बघा. सांगत होता.

मग झोप का उडाली? ताफा कधी निघणार, जहाजं किती, हे कळवताना त्याला काहीच वाटत नव्हतं. पण त्या गोटातला एकजण लढाई नसली की वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलायचा. याने ऐकून घेतलं, मनापासून धीरही दिला. आणि मग आपल्या लोकांना कळवलं, 'शुक्रवारी तो हॉस्पिटलात असेल.' हल्ला शुक्रवारीच झाला.

"मी नियम नाही ना मोडला?"

"गेमचा नाही," मी म्हटलं. तो गप्प झाला.

त्याच्याच गेममधली 2017 ची गोष्ट मग उपयोगी पडली. दगा बसलेल्या एका नेत्याने दगाबाजाला खऱ्या आयुष्यात इजा करायची धमकी दिली. कंपनीने त्या नेत्याला कायमचं बाहेर काढलं, दग्याला मात्र शिक्षा नव्हती. म्हणजे रेघ तिथेही आहेच. वडिलांचं आजारपण रेघेच्या कुठल्या बाजूला, हे मला सांगावं लागलं नाही.

त्या मित्राला सगळं सांगून माफी मागू का, असं त्याने विचारलं. माझं मत विरोधात पडलं. वडील आजारी असताना ही भर कशाला? आपण हलके होण्यासाठी ओझं त्याच्या डोक्यावर का द्यायचं? शेवटी त्याने आपल्या म्होरक्याला कळवलं की कुणाच्या घरच्या गोष्टी यापुढे मिळणार नाहीत. म्होरक्या चिडला. महिन्याभराने मुलाने ते पात्रच बंद केलं.

गेम चालू आहे. आईची तक्रार आता फक्त रात्रीच्या जागरणाची आहे आणि ती रास्त आहे.