टायरला फुगा आला आणि दुकानदार म्हणतो 'खड्ड्यात आपटलाय, वॉरंटीत बसत नाही'. आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी घेऊन दहा महिने झाले, ११ हजार किलोमीटर चालली आणि पुढच्या डाव्या टायरला बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. टायरच्या दुकानात बघताक्षणी नकार मिळाला आणि शोरूमने 'टायर कंपनीकडे जा' म्हणून हात वर केले.

आधी तो टायर उतरवून स्टेपनी लावा, आजच. फुगा आला म्हणजे टायरच्या बाजूचे आतले दोरे तुटलेत आणि हवा नुसत्या रबराने अडवून धरलीय. ती किती दिवस धरेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तुमचा तर पुढचा टायर आहे. स्टेपनी लहान मापाची असेल तर ताशी ८० च्या आत राहा.

मी कराडला एका टायरच्या दुकानात नऊ वर्षं होतो. आधी अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि शेवटची पाच वर्षं क्लेमचे कागद. त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय चालतं ते मला माहीत आहे.

शोरूमने सांगितलं ते चूक नाही. गाडीच्या वॉरंटीत टायर आणि बॅटरी सहसा धरलेली नसते, त्यांची वॉरंटी ज्याच्या त्याच्या कंपनीची असते. आणि टायर कंपनीची वॉरंटी असते ती बनावटीतल्या दोषाची. खड्डा, दगड, खिळा, कमी हवा, बिघडलेलं अलाइनमेंट हे सगळं त्यातून वगळलेलं असतं. काही कंपन्या काही मॉडेलांवर अशा नुकसानीचीही वॉरंटी देतात, पण त्यासाठी बहुतेक वेळा ठरलेल्या मुदतीत नोंदणी केलेली असावी लागते. तुमचं कार्ड शोधून एकदा वाचा.

दुकानदाराचं म्हणणं खरं असण्याची शक्यता बरीच आहे, हेही सांगून टाकतो. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की टायरची बाजू रिम आणि कडेच्या मध्ये चिमटली जाते. आतले दोरे तिथे तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत राहतं. फुगा कधी लगेच दिसतो, कधी पंधरा दिवसांनी, आणि तोवर आपण तो खड्डा विसरून गेलेलो असतो. पावसाळा सरता सरता आमच्या दुकानात अशा गाड्यांची रांग लागायची.

पण हे बाहेरून बघून ठरत नाही, आणि तुमच्या प्रकरणात मला खटकतं ते एवढंच. टायर रिमवरून उतरवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. फुगा आहे तिथे आतून हात फिरवा. चिमटल्याची रेघ, चीर किंवा उकललेलं अस्तर लागतं का ते पाहा. रिमची कड त्याच जागी वाकली आहे का तेही बघा. या खुणा असतील तर तो क्लेम कुणाकडेही पास होणार नाही. वेळ घालवू नका, नवा टायर घ्या आणि रिम सरळ करून घ्या. आत सगळं गुळगुळीत असेल, रिम सरळ असेल आणि बाहेरही ओरखडा नसेल, तर तुमच्या म्हणण्यात दम आहे. प्रत्येक आपट्याची खूण मागे राहतेच असं नाही, पण मग 'आपटलाय' कशावरून म्हणता, हे तुम्ही त्यांना विचारू शकता.

नुसता बघून नकार का देतात? दुकानदाराला क्लेमात काही सुटत नाही. टायर उतरवायचा, फॉर्म भरायचा, कंपनीचा साहेब येईपर्यंत माल जागा अडवून बसणार, आणि शेवटी गिऱ्हाईक नाराज झालं तर त्याच्यावरच. मीसुद्धा कितीतरी जणांना टायर न उतरवता 'आपटलाय' म्हणून परत पाठवलंय. त्यातल्या काहींचं म्हणणं बरोबर असेल. ते मला आजही सलतं.

माझी ही सवय पाटणकडच्या एका शिक्षकांमुळे सुटली. आमच्याच दुकानातून घेतलेले त्यांचे दोन टायर १४ हजार किलोमीटरला थरथरायला लागले, स्टिअरिंग साठच्या पुढे हातात राहीना. एका टायरची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, मधोमध उचलली गेली होती. कंपनीच्या साहेबांनी शेरा मारला: कमी हवेत चालवलाय. मालकही हो म्हणाले. सर काही बोलले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "मी दर पाच हजाराला तुमच्याकडेच हवा बघून घेतो." मी टायर आतून पाहिला. कमी हवेत टायर पळाला की बाजू घासून आत काळ्या रबराचा भुगा साठतो आणि गोल पट्टा उमटतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. आमच्या अलाइनमेंटच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या गाडीच्या दोन नोंदी निघाल्या, दोन्ही वेळा हवा ३२. त्या पानांचे फोटो लावून फेरतपासणी मागितली, दुसरे साहेब आले आणि क्लेम पास झाला. त्या दोन ओळी नसत्या तर सरांचं कुणी ऐकलं नसतं.

तुमच्याकडे असं काय आहे ते आजच गोळा करा: गाडीचं बिल, सर्व्हिसच्या पावत्या, अलाइनमेंटचे छापील रिपोर्ट. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. '२३२४' असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. त्याचा आणि पूर्ण सीरियल नंबरचा फोटो काढा. फुग्याचा बाहेरून, आतून आणि रिमचा फोटोही काढा. मग त्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडे क्लेम नोंदवायला सांगा आणि टायर ताब्यात देताना सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. पावती देत नसतील तर टायर सोडू नका.

पास झाला तर नवा टायर फुकट मिळेल असं धरून चालू नका, तिथे दुसरा वाद होतो. बहुतेक कंपन्या उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात सूट देतात. समजा नवा असताना नक्षी ८ मिलिमीटर खोल होती. १.६ ही शेवटची मर्यादा, म्हणजे वापरण्याजोगी ६.४. आज ५.६ शिल्लक असेल तर वापरण्याजोगी उरली ४, म्हणजे साडेबासष्ट टक्के. ६,००० च्या टायरला ३,७५० सूट, बाकी तुम्ही भरायचे. हिशोबाची रीत कंपनीगणिक थोडी बदलते, म्हणून तुमच्या समोर मोजायला सांगा आणि एकाच नव्हे, तीन-चार ठिकाणी मोजायला सांगा.

नाकारला तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. कारण लिहिलेलं पत्र किंवा ईमेल मागा, आणि टायर परत आणा. लोक रागाच्या भरात तो तिथेच टाकून येतात किंवा भंगारात देतात, आणि तिथेच प्रकरण संपतं. ग्राहक आयोगाला वस्तूतला दोष तपासायला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण पाठवायला टायर तर हवा.

लेखी नकार हातात आला की कंपनीच्या ग्राहक विभागाला फोटोंसह ईमेल करून फेरतपासणी मागा. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोन करायला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या पाहण्यातली बरीच प्रकरणं इथेच मिटली. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील बंधनकारक नाही, मुदत दोन वर्षांची. डीलर आणि टायर कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत राहील. नोटीस लिहिता येत नसेल तर तुमच्या गावात ग्राहक पंचायतीचं काम आहे का बघा. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली ही चळवळ आजही लोकांना मदत करते.

एक हिशोब मात्र आधी मांडा. प्रयोगशाळेची फी आयोग आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो, आणि कायद्यात तपासणीच्या प्रकरणाला पाच महिने लिहिलेले असले तरी तारखा त्याहून लांबतात. एका टायरसाठी मी हेल्पलाइनपर्यंत नक्की जाईन. आयोगात जाईन ते आतली बाजू खरंच स्वच्छ असेल तरच.

बाजूला फुग्याऐवजी आत दबलेली उभी खळी असेल तर घाबरू नका. तिथे आतल्या थरांचा सांधा असतो आणि ती धोक्याची नसते. तुमचा बाहेर आलेला फुगा आहे असं तुम्ही लिहिलंय, तरी एकदा बोट फिरवून खात्री करा. टायर उतरवलात की आतल्या बाजूचा उजेडातला फोटो इथे टाका, मला काय दिसतं ते सांगतो.