काटा बरोबर, मग घोडा हलका का?

प्रश्न : काका, पुण्याहून इकडच्या एका साखर कारखान्यासाठी १८ टनांचा गिअरबॉक्स ट्रेलरवर आणला. क्रेनवाल्यानं सोयीचं पडतं म्हणून पार मागंच टेकवला. वजनकाट्यावर गाडी नि माल मिळून एकूण ३४ टन, म्हणजे लिमिटच्या आतच. पण मोहोळजवळ पाऊस लागला तर गाडी जागेवरून काढताना घोड्याची (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची) चाकं जागेवरच फिरायला लागली. आता तसाच दुसरा आणायचाय. वजन कमी असून असं का? किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जोडणारा खिळा) मागच्या तीनपैकी मधल्या अ‍ॅक्सलपर्यंत २६ फूट आहे, माल त्याच्याही ३ फूट मागं होता. घोडा मागं चार टायरच्या सिंगल अ‍ॅक्सलचा.
— एक ट्रेलरमालक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : अहो, काट्यानं एकूण सांगितलं, कुठल्या चाकावर किती बसलंय ते कुठं सांगितलं? तुमचा माल अ‍ॅक्सलच्या मागं गेला म्हणजे पुढचं टोक उचललं की ओ! १८ गुणिले ३ भागिले २६, म्हणजे २ टनांच्या वर वजन घोड्यावरून कमी झालं, मग ओल्या रस्त्यात चाक पकडणार कशाला.

आता लगेच किंगपिन नि मधल्या अ‍ॅक्सलच्या मधोमध ठेवू नका हां, ही चूक लई जण करतात. मधोमध ठेवला की ९ टन किंगपिनवर, त्यात ट्रेलरचं नि घोड्याचं स्वतःचं वजन धरा, आणि २०१८ च्या नियमानं चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला ११.५ टनच चालतं. मागच्या तीन अ‍ॅक्सलला मिळून २७ चालतं, तिथं जागा आहे. म्हणून किंगपिनपासून १७ फुटांच्या आसपास धरा, तिथं पुढं सव्वासहा टन जातं, बाकी मागं.

पण हे माप मालाच्या लांबीच्या मध्याचं नाही, भाराच्या मध्याचं. गिअरबॉक्सची एक बाजू जड असते, ड्रॉइंगवर खूण नसेल तर क्रेननं वीतभर उचलून बघा, जिकडं झुकतो तिकडं भार. डावी-उजवी पण तसंच बघा, नाहीतर वळणावर एकाच बाजूचे टायर मार खातात.

ठेवल्यावर ट्रेलर जोडलेलाच ठेवून काट्यावर आधी नुसती घोड्याची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी, वजाबाकीत मागचं कळतं. काटा नि पुढचा रस्ता एका लेव्हलला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो.

खाली लोखंडावर लोखंड नको, रबरी मॅट नाहीतर लाकूड घाला. आणि टेंभुर्णीला थांबलात की आधी माल बांधलेली चेन हातानं हलवून बघा, चहा मग.