वहीतले आठ ग्लास

आई, सात वर्षांची मुलगी आणि आजी अशा तिघी माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आल्या होत्या. आईने बसायच्या आधीच वही माझ्यापुढे उघडली. तारीखवार रकाने, प्रत्येकात आठ चौकटी. बहुतेक दिवशी चारच भरलेल्या. "मॅडम, पाण्याचे आठ ग्लास काही केल्या होत नाहीत हिचे. रोज रात्री झोपायच्या आधी रडारड. किडनीला काही झालं तर?"

ही काळजी महिन्यातून चार-पाच वेळा तरी माझ्याकडे येते. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात 'रोज आठ ग्लास' असं छापलेला कागद मीही बिनदिक्कत वाटलेला आहे.

हा आकडा नेमका कुठून आला यावर एकमत नाही. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं सांगितलं होतं. त्याच परिच्छेदात, यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं, असंही होतं. आकडा लोकांच्या लक्षात राहिला, पुढचं वाक्य विसरलं गेलं.

मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "दूध किती पिते?" दोन कप. "फळं? सूप?" रोज. यातलं काहीच वहीत नव्हतं. मग आम्ही बेरीज केली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दिलेल्या शिफारशीत ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १.६ लिटर धरलं आहे, पण ते अन्नातलं पाणी मिळवून. साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अन्नातून येतो. म्हणजे प्यायचं उरतं सव्वा लिटरच्या आसपास. तिचे चार ग्लास आठशे मिलिलिटर, दोन कप दुधाचे साडेतीनशेच्या वर. पोरगी जवळजवळ तिथेच होती! शिवाय दिवसातून पाच-सहा वेळा लघवी, रंग फिकट पिवळा, पोट साफ, खेळायला उत्साह. मी आकड्यापेक्षा यावर जास्त विश्वास ठेवते. (सकाळची पहिली लघवी गडदच असते आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांनीही रंग बदलतो, तेवढं ध्यानात ठेवायचं.)

खरी अडचण निघाली ती वेगळीच. चौकटी भराव्यात म्हणून आई ज्यूसचे दोन छोटे डबे देऊ लागली होती, म्हणजे चारशे मिलिलिटर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा सातव्या वर्षापासून पुढे दिवसाला २४० मिलिलिटरची आहे, तीही शंभर टक्के फळांच्या रसासाठी. ज्यूसने पोट भरायचं, मग जेवताना कुरकुर, आणि पाणी आणखीच बेचव लागायचं. "वही बंद करा," मी म्हटलं. "जेवताना आणि खेळून आल्यावर पाणी समोर ठेवा. उन्हाचे किंवा तापाचे दिवस असतील तर आठवण करा. बाकी तहानेवर सोडा."

आईचा चेहरा पडला. आठवडेच्या आठवडे लिहिलेली वही होती ती. मलाही वाईट वाटलं.

मग सहज आजींकडे वळले. "आजी, तुम्ही किती पिता?" त्या हसल्या. "चार वाजल्यानंतर मी थेंब घेत नाही. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, अंधारात पडले तर?" दुपारी उठताना गरगरतं, लघवी गडद होते, हेही त्यांनी असंच, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. वय वाढलं की तहान लागणंच मंदावतं. मुलीच्या बाबतीत 'तहानेवर सोडा' म्हटलं, ते आजींना लागू नव्हतं. आणि घरात वही नातीची होती.

इथे मात्र मी 'जास्त पाणी प्या' म्हणून मोकळी झाले नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. (उलट बाजूचंही सांगते: मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, सारखी लघवी होते, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यायची.) आजींना मी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी दिली: लघवी वाढवणारी गोळी कधी घेतात ते कृपया पाहावं.

त्या ती संध्याकाळी घेत होत्या. डॉक्टरांनी तपासून वेळ सकाळची केली आणि पाणी सकाळ-दुपारी विभागून प्यायला सांगितलं. पुढच्या वेळी आजी एकट्याच आल्या. रात्री आता एकदाच उठावं लागतं म्हणाल्या, आणि जाताना स्वतःहून पाणी मागून घेतलं.